सरवा

अण्णांनी खिशातून सहा इंची पट्टी काढली, सोयाबीनच्या एका झाडाच्या बुडाशी उभी टेकवली आणि जवळजवळ मातीला गाल लावून आकडा वाचला.

"सव्वादोन. लिहा ढगे. सगळ्यात खालची शेंग सव्वादोन इंचावर."

मी लिहिलं.

"हे पावणेतीन. आणि हे बघा, दोनच!" दोन इंचावरची शेंग सापडल्याचा त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी ती बोटांनी हळूच कुरवाळली. वीसेक झाडं मोजून झाल्यावर ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "ही दोन इंचावरची शेंग जो हेडर उचलेल, तो मी घेणार. बाकी मला काही सांगू नका."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. उदगीरकडच्या एका अवजारांच्या दुकानात मी नोकरीला लागलो होतो. सहा महिने झाले होते आणि अजून मला पक्कं केलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या रानात जाऊन मशीन चालवून दाखवायचं आणि ते त्याच्या गळी उतरवायचं, हे माझं काम. दसरा उलटून चार दिवस झाले होते. दुकानाच्या ट्रकमध्ये दोन हेडर घालून, रशीद ड्रायव्हरला बरोबर घेऊन मी पहाटेच निघालो आणि नऊच्या आत बोरदऱ्याला पोचलो होतो.

नरहरअण्णा म्हणजे मोठं गिऱ्हाईक. पन्नास एकर सोयाबीन, घरचं हार्वेस्टर, ते चालवायला पंजाबातून दर हंगामाला येणारा बलकारसिंग. आखाड्यावर, म्हणजे रानातल्या त्यांच्या घरावर, प्रगतशील शेतकरी म्हणून मिळालेली तीन मानपत्रं काचेत लावलेली होती. हार्वेस्टरला पुढं जो कापणीचा भाग असतो, ज्यात पातं आणि फिरकी असते, तो हेडर. अण्णांकडचा हेडर गव्हाचा होता. गव्हाची ओंबी वर असते, त्यामुळं तो पाच-सहा इंचावरून कापतो. सोयाबीनला शेंगा पार बुडापासून. वरचं कापलं जातं आणि खालच्या शेंगा रानातच राहतात.

मी आणलेल्यांपैकी एक हेडर पट्ट्याचा होता. कापलेला माल त्यात रबरी पट्ट्यावरून अलगद आत जातो. दुसरा लवचिक पात्याचा. त्याचं पातं जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली होत, जमिनीला घासत चालतं. मी आधी फुकट सर्व्हिसिंग म्हणून हार्वेस्टरचं ऑइल बदलून दिलं, जळकं ऑइल एका डब्यात काढून लिंबाखाली ठेवलं आणि मग दोन्ही हेडर आळीपाळीनं जोडून एकेक पट्टा कापून दाखवला.

कापून झालं की मोजणी. माझ्याकडं फूटभर लांबी-रुंदीची लोखंडी चौकट होती. ती रानात कुठंही टाकायची आणि आतले पडलेले दाणे मोजायचे. चौकटीत चार दाणे म्हणजे एकरी साधारण पंचवीस किलो माल मातीत गेला. मी ही माहिती दिली तेव्हा अण्णांनी डोळे मिटून मान हलवली, जणू कुणाच्या मरणाची बातमी ऐकली.

मोजणी त्यांनीच केली. तर्जनी जिभेला लावायची, ओल्या बोटानं दाणा चिकटवून उचलायचा, तळहातावर ठेवायचा. परत बोट जिभेला. मातीसकट. दाणा मोजून झाला की तो कपाळाला लावायचा.

"अन्न आहे हे, ढगे. पायाखाली येऊ देऊ नये."

मला त्या ओल्या बोटाची किळस येत होती, पण माणसाबद्दल आदर वाटत होता. माझ्या आईनं लोकांच्या रानात काम करून आम्हाला वाढवलं. दाण्याची किंमत कळणारा मोठा शेतकरी मी पहिल्यांदाच बघत होतो.

गव्हाच्या हेडरनं कापलेल्या जुन्या पट्ट्यात चौकटीत चौदा दाणे निघाले. पट्ट्याच्या हेडरमागं चार. लवचिक पात्यामागं एक, काही ठिकाणी तोही नाही.

"झालं की मग," अण्णा म्हणाले. "हाच."

मी खरं तेच सांगितलं. "अण्णा, माझं ऐकाल तर पट्ट्याचा घ्या. तुमच्या रानात दगड आहेत. हे पातं जमिनीला घासत चालणार, त्याचे दात तुटणार. शिवाय मालात माती येते. बघा, आत्ताच किती आली. माल काळा पडतो, आडतीवर भाव कमी लागतो. तीन दाणे वाचवायला जाल आणि मातीनं त्याच्या दुप्पट घालवाल."

"जाऊ द्या."

"नुकसान आहे अण्णा त्यात."

"नुकसान माझं आहे ना?" ते हसले. हसणं मोठं छान होतं त्यांचं. "तुम्ही एवढंच सांगा, ह्याच्यापेक्षा खाली काही कापतं का?"

"ह्याच्यापेक्षा खाली मातीच आहे."

"मग हाच. दुपारून ते खालचं चार एकर ह्यानंच काढा. संध्याकाळी ऑर्डरच्या फॉर्मवर सही करतो."

दुपारचं जेवण आखाड्यावर झालं. अण्णांनी स्वतः वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, ताटातून ओघळणारं तूप. मी नको म्हणत असताना त्यांनी त्याच बोटांनी माझ्या ताटात गूळ फोडून टाकला. खाताना ते दुसऱ्या शेतकऱ्यांबद्दल बोलत राहिले. कोण आळशी, कोण पिणारा, कुणाच्या रानात किती माल वाया जातो. मग दातात अडकलेलं काडीनं काढत ते जरा आडवे झाले.

मी पाणी प्यायला लिंबाखालच्या नळावर गेलो. तिथं दहा-बारा बाया बसल्या होत्या. हातात पाट्या, डोक्याला बांधलेली फडकी. एकजण पन्नाशीची, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. तिचं नाव केवळाबाई हे तिला हाका मारणाऱ्या इतरजणींकडून कळलं.

"ह्ये नवं आणलाव का भाऊ तुम्ही?" तिनं हेडरकडं बोट केलं.

"हो. तुम्ही कामाला आहात इथं?"

"कामाला कशाच्या? सरव्याला आलोत."

पीक निघून गेल्यावर रानात जे पडलेलं, राहिलेलं असतं ते वेचून न्यायचं, त्याला आमच्याकडं सरवा म्हणतात. त्याला कुणी मालक आडवा येत नाही. मी म्हणालो, "माझी आई पण जायची सरव्याला. ज्वारीच्या. मला पाठीशी बांधून."

"अगं बया!" केवळाबाई खूश झाली. मला बसायला तिनं आपली पाटी पालथी घातली. "मग तुम्हाला सांगायला हरकत न्हाई. ह्या मशीनची गंमत ठावं हाय का तुम्हाला?"

"कसली?"

"दोन वर्सांखाली ह्ये रान आम्हीच काढायचो. गुत्त्यानं, एकराला ठरवून. एकरामागं थोडं वाढवून द्या म्हणलं अण्णाला. न्हाई म्हणले. मग आम्ही बी बसलो की बांधावर! तीन दिवस कुणी इळा हातात धरला न्हाई. चवथ्या दिवशी अण्णानं ह्ये हार्वेस्टर आणलं. आमच्यापुढून नेलं आन् म्हणले, बसा आता बांधावरच."

"मग?"

"मग काय! मशीननं कापलं वरचं वरचं. खालच्या शेंगा सगळ्या तशाच. आम्ही लागलो मागं सरव्याला. भाऊ, गुत्त्यात मिळालं नसतं एवढं घरात आलं! एकेकीनं पोतं-पोतं नेलं."

"आन् तू अण्णाला काय म्हणलीस, ते सांग की," मागून एकजण म्हणाली.

केवळाबाईनं पदर तोंडाला लावला. "मी म्हणलं, अण्णा, लई गुणाचं मशीन हाय हो तुमचं. आमच्या घरचं असल्यावाणी राबतंय."

सगळ्याजणी हसत सुटल्या. तशा त्या दोन वर्षं हसत असणार, पण हसू शिळं झालेलं नव्हतं. मलाही हसू आवरेना. हसता हसता मी वर बघितलं. आखाड्याच्या ओट्यावर अण्णा उठून बसले होते. काडी दातातच होती. ते आमच्याकडं बघत होते.

मी पाटीवरून उठलो.

दुपारी चार एकर काढायला लागलो. बलकारसिंग केबिनमध्ये, मी बाजूच्या शिडीवर उभा. पातं जमिनीवरून खरवडत चाललं होतं. मधेच दगड लागला की खडकन आवाज यायचा. मातीचा काळा लोट सुटला होता. तो घशात बसत होता, खाजत होता, थुंकलं तर काळी थुंकी. मागं वळून बघितलं की बाया दिसायच्या. एका ओळीत चालत होत्या. वाकायच्या, बोटांनी माती उकरायच्या, सरळ व्हायच्या. परत दहा पावलं चालायच्या. रान दाढी केल्यासारखं साफ झालं होतं.

आता मला सकाळची पट्टी कळली. तो माणूस दाणे मोजत नव्हता. त्याचा ह्या दाण्यांशी संबंधच नव्हता. मातीनं भाव पडला तरी चालेल, पात्याचे दात तुटले तरी चालतील, पण दोन इंचावरची शेंग मागं राहता कामा नये. ती राहिली तर बाया हसतील.

पण मी शिडीवर होतो आणि हेडर माझ्या दुकानाचा होता. बलकारनं काचेतून खुणेनं विचारलं, ठीक चाललंय ना? मी अंगठा वर केला.

टाकी भरल्यावर हार्वेस्टर ट्रॉलीजवळ नेलं. बलकारनं नळी नीट ट्रॉलीवर येण्याआधीच माल सोडला आणि चाकाजवळ जमिनीवर चार-पाच पाट्या सोयाबीन सांडलं. "गलती हो गई, अण्णाजी," म्हणत त्यानं नळी फिरवली. ट्रॉली भरली. खाली ढीग राहिला, पिवळा, मातीनं मळलेला.

बाया तिथं येऊन थांबल्या. पाट्या मोकळ्याच होत्या. कुणाच्या पदरात मूठभर, कुणाच्या दोन मुठी. केवळाबाई पुढं आली.

"अण्णा, ह्ये मातीतलं भरून घेऊ का? चाळून घेतो आम्ही."

नेहमीच्या सवयीनं, सहज विचारलं तिनं. अण्णाही रागावले नाहीत. त्यांनी ढिगातला एक दाणा उचलला, निरखला, कपाळाला लावला.

"थांबा जरा," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "ढगे, सकाळी काढलेलं ऑइल फेकलं का?"

"नाही अण्णा. लिंबाखाली डबा आहे."

"घेऊन या."

मला वाटलं, पात्याला लावायचं असेल. मी गेलो, डबा आणला. अर्धा भरलेला होता. कडी हातात रुतत होती.

"ओता."

"कशावर?"

"ह्या ढिगावर."

अण्णा जवळ आले. आवाज अगदी मायेचा. "मघाशी हसत होता ना तुम्ही बायांसंग? मिसळून राहता, चांगलं आहे. माणसानं असंच असावं. ओता." आणि मग वरच्या खिशातल्या पेनावर थाप मारून म्हणाले, "फॉर्म आणलाय ना?"

मी बलकारकडं बघितलं. त्यानं तोंड फिरवलं आणि तो केबिनमध्ये चढून बसला.

मी डबा तिरका केला. जळकं ऑइल जाड असतं, पटकन पडत नाही. काळी धार ढिगावर पडली, तिथं क्षणभर थबकली आणि दाण्यांमधून खाली उतरायला लागली. पिवळे दाणे एकेक करून काळे होत गेले. करपलेला, उग्र वास सुटला. अण्णांनी चपलेच्या टोकानं ढीग हलवला, आतल्या दाण्यांनाही लागावं म्हणून.

"तो कोपरा राहिला बघा तिकडचा."

मी त्या कोपऱ्यावर ओतलं.

"आता हसा," अण्णा बायांना म्हणाले.

एका बाईनं पदर नाकाला लावला. केवळाबाई ढिगाकडं बघत होती. मग तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला. त्यात दिवसभराचा सरवा होता. दोन मुठी, फार तर तीन. ती अण्णांच्या पुढ्यात गेली आणि तो सगळा तिनं त्यांच्या पायाजवळ सोडला.

"ह्ये बी तुमचंच हाय, अण्णा. ह्याच्यावर बी ओता म्हणावं."

अण्णांच्या मानेची शीर ताठ झाली. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

डब्याच्या तळाशी थोडं होतं.

पहिल्या वेळी मी गोंधळलो होतो, काय चाललंय ते कळलं नव्हतं, असं मी बायकोला सांगितलं आहे. ते निम्मं खरंही आहे. दुसऱ्या वेळेचं मी तिला सांगितलेलंच नाही. त्या वेळी मला सगळं कळत होतं. डबा खाली ठेवता आला असता. हात दुखतोय म्हणता आलं असतं. फार तर नोकरी गेली असती. मी वाकलो आणि तिच्या तीन मुठींवर उरलेलं ओतलं. डबा उलटा धरून शेवटचे थेंबही झटकले.

"मघाशी आईचं सांगत होता तुम्ही," केवळाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं ते विचारलं की सांगितलं, हेही मला समजलं नाही. मग ती वळली आणि सगळ्याजणी तिच्यामागं बांधावरून निघून गेल्या.

अण्णांनी आखाड्यावर फॉर्म मागवला, चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि झोकात सही केली. चहा आला. त्यावर साय धरली होती. माझ्या बोटांचे काळे ठसे बशीला उमटले. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही पुढं जाल, ढगे. ऐकायची तयारी असलेली पोरं आता राहिली नाहीत." मी चहा प्यालो. आणखी घ्या म्हणाले, तर तोही घेतला.

ते म्हणाले तसंच झालं. त्या सहीवर मी पक्का झालो. आज त्या दुकानाच्या तीन शाखा माझ्याकडं आहेत आणि हाताखाली बारा माणसं आहेत. पुढच्या वर्षी अण्णांच्या हेडरचे दात तुटले, ते बदलायला मीच गेलो. रानात बाया नव्हत्या. अण्णांनी पात्याची उंची तरीही अर्ध्या इंचानंसुद्धा वाढवू दिली नाही.

त्या संध्याकाळी परत निघायला साडेपाच वाजले. ट्रकमध्ये पट्ट्याचा हेडर एकटाच राहिला होता, मागं अर्धी जागा मोकळी होती. गावाच्या अलीकडं कच्च्या रस्त्यावर त्या सगळ्याजणी चालताना दिसल्या. गाव अजून दीड-दोन किलोमीटर होतं. रशीदनं मला न विचारताच ट्रक हळू केला. रस्त्यात बाया दिसल्या की घ्यायच्या, ही त्याची सवय.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"बसा मागं," मी म्हणालो. "गावापर्यंत सोडतो."

त्या थांबल्या. कुणी ट्रककडं आली नाही. केवळाबाई रस्त्याच्या कडेला सरकली, ट्रकला वाट करून दिली आणि तिनं पदर नाकावर धरला.

"नगं भाऊ," ती म्हणाली. "वास यायलाय तुमचा. जावा तुम्ही."